तीनशे वर्षांची वही आणि अर्ध्या मिनिटाची भेट

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं, हडपसर-मांजरी मागे टाकली, की तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन येतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या बाएफ संस्थेमुळे हे गाव देशभरच्या दूधवाल्या शेतकऱ्यांना ठाऊक झालं. गोठवलेल्या रेताच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवायच्या, मोटारसायकलवरून खेड्यापाड्यांत न्यायच्या आणि गोठ्यातच गाय भरवायची, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की गायीनं आयुष्यात वळू पाहिलेलाच नसतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कांडीतला वळू कधीकधी मरूनही गेलेला असतो.

त्याच रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला, हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात, शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत. तिथे कांडी चालत नाही. घोडी गाडीत घालून आणायची, घोड्यासमोर उभी करायची आणि जे व्हायचं ते चार माणसांच्या देखत होऊ द्यायचं. कृत्रिम रेतनातून, भ्रूणरोपणातून किंवा क्लोनिंगमधून जन्मलेलं शिंगरू जगातल्या कुठल्याही देशात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचं घोडं, म्हणून नोंदवलं जात नाही, मग त्याचे आईबाप कितीही नावाजलेले असोत. जगातली सगळ्यात महागडी जनावरं, आणि रीत मात्र शिवकाळातल्या पागेत होती तीच.

हा हट्ट कोर्टातही टिकलाय. ऑस्ट्रेलियात एकानं ही बंदी म्हणजे व्यापारावरचा बेकायदा निर्बंध आहे असं म्हणत फेडरल कोर्ट गाठलं. २०१२ साली कोर्टानं त्याचं म्हणणं फेटाळलं. आता जरा अर्जेंटिनाकडे बघा. पोलोच्या घोड्यांना असला नियम नाही. अदोल्फो कांबियासो हा तिथला विख्यात खेळाडू. २०१६ साली पालेर्मोच्या पोलो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर आळीपाळीनं बसला आणि सामना जिंकला. थरोब्रेडवाल्यांना हे ऐकून शहारे येतात. त्यांचं सगळं जग एका वहीवर उभं आहे, आणि त्या वहीत आई एक, बाप एक आणि भेट प्रत्यक्ष, एवढंच बसतं.

ती वही कशी जन्मली? अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शर्यती जोरात होत्या आणि लबाड्याही. घोड्याचं वय कमी सांगायचं, कुणा फालतू घोड्याचं पोर नामवंताचं म्हणून विकायचं, हे चालायचं. जेम्स वेदरबी यानं खासगी पागांमधली टिपणं आणि जुन्या शर्यतींच्या नोंदी चाळून घोड्यांच्या वंशावळी जुळवायला घेतल्या. १७९१ साली त्याची प्रस्तावनावजा आवृत्ती निघाली आणि १७९३ साली ‘जनरल स्टड बुक’चा पहिला खंड. वेदरबी घराण्याच्या कंपनीकडे ते काम आजही आहे. आपल्याकडची नोंद स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते, आणि तिचं कार्यालय पुण्यात आहे. शिंगरू जन्मलं की त्याच्या केसांच्या मुळांवरून डीएनए तपासतात. सांगितलेला बाप खरा निघाला तरच नाव चढतं. माणसांच्या जगात इतकी काटेकोर जन्मनोंद कुठे होत असेल असं वाटत नाही, आणि होत नाही हे बरंच आहे.

या वहीत बाप म्हणून मुळाशी तीन नावं आहेत. पहिला बायर्ली टर्क. रॉबर्ट बायर्ली या कॅप्टनचा हा लढाईतला घोडा, १६९० च्या बॉइनच्या युद्धात तो त्याच्यावर बसला होता. दुसरा डार्ली अरेबियन. सीरियातल्या अलेप्पोमध्ये राहणाऱ्या थॉमस डार्ली या इंग्रजानं विकत घेऊन १७०४ साली यॉर्कशरला आपल्या घरी धाडलेला. तिसरा गोडॉल्फिन अरेबियन, फ्रान्समार्गे इंग्लंडात आलेला, केंब्रिजजवळ लॉर्ड गोडॉल्फिनच्या स्टडमध्ये राहिलेला आणि १७५३ मध्ये तिथेच मेलेला. तिघेही पूर्वेकडचे, तिघेही आजच्या शर्यतीच्या घोड्यापेक्षा ठेंगणे. पूर्वेचे घोडे त्या काळात इंग्लंडात बरेच आले होते, पण बाकीच्यांच्या मुलाची, मुलाच्या मुलाची साखळी कुठे ना कुठे तुटली. उरले हे तीन.

तीन तरी कसले? आज जगात जेवढे थरोब्रेड नर आहेत, त्यातल्या सुमारे ९५ टक्क्यांची बापाच्या बापाची साखळी मागे नेत गेलं की ती एकट्या डार्ली अरेबियनपाशी पोचते. महालक्ष्मीवर धावणारा, टोकियोत धावणारा, केंटकीत गवत खात उभा असलेला, बहुतेक सगळे त्या एका जहाजातून उतरलेल्या घोड्याचे पणतू-खापरपणतू. लाखो घोड्यांची जात, आणि बापाचं मूळ जवळजवळ एक!

पण हे वाचून डार्लीचं रक्त ९५ टक्के पसरलंय असं समजू नका. बापाची साखळी म्हणजे वाय गुणसूत्राचा प्रवास, आणि तो धागा अगदी बारीक असतो. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा १०२४ होतात. बापाच्या रेषेतला मूळपुरुष त्यातला फक्त एक. बाकीच्या १०२३ जागांवर कोण होतं? डब्लिनमध्ये पॅट्रिक कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हा हिशेब मांडला. तेव्हाच्या थरोब्रेडांच्या एकूण जनुकांमध्ये डार्लीचा वाटा जेमतेम साडेसहा टक्के निघाला. सगळ्यात मोठा वाटा, सुमारे १४ टक्के, निघाला गोडॉल्फिन अरेबियनचा, ज्याची बापाची रेषा आज अगदी क्षीण झाली आहे. त्याचं रक्त लेकींच्या वाटेनं पसरलं. म्हणजे घराण्याचं नाव एकाचं लागलं आणि इस्टेट दुसऱ्याची पोचली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आजच्या घोड्यांतल्या जनुकांपैकी ७८ टक्के अवघ्या तीस मूळ पूर्वजांकडून आली आहेत, आणि आईकडच्या रेषांपैकी ७२ टक्के अवघ्या दहा घोड्यांपाशी जाऊन थांबतात.

आईकडच्या रेषेबद्दल बोलायचं तर वहीचा थोडा मुखभंगही झालाय. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे एका घोडीच्या सगळ्या लेकीबाळींत तो सारखाच निघायला हवा. २००२ साली तपासलं तेव्हा काही घराण्यांत तो सारखा निघाला नाही. कुठेतरी सुरुवातीच्या दिवसांत, वही नीट बांधली जाण्याआधी, कुणी एक घोडी दुसरीच्या नावावर लिहून गेलं होतं. तरीही एकंदर वही बरीच खरी निघाली, हे मला जास्त थक्क करणारं वाटतं. अडीच-तीनशे वर्षं, पैशांचा एवढा मोह, आणि एवढ्याच चुका!

डार्लीची रेषा एवढी फोफावली ती मुख्यतः एका घोड्यामुळे. १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहण लागलं. त्या सुमारास ड्यूक ऑफ कंबरलंडच्या पागेत जन्मलेल्या डार्लीच्या एका वंशजाचं नाव पडलं एक्लिप्स. तो अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. शेवटी शेवटी त्याच्यासमोर घोडा उतरवायला कुणी तयार होईना, म्हणून त्याला स्टडला पाठवलं. १७८९ मध्ये तो मेला तेव्हा शार्ल व्हियाल द सँबेल या फ्रेंच पशुवैद्यानं त्याचं शवविच्छेदन केलं, शरीराची मापं घेतली आणि हृदयाचं वजन केलं. ते भरलं चौदा पौंड, म्हणजे सहा किलोच्या वर. साधारण थरोब्रेडचं चार किलोच्या आसपास असतं. हाच सँबेल पुढे लंडनच्या पहिल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राध्यापक झाला. एक्लिप्सचा सांगाडा आजही त्या संस्थेत, रॉयल व्हेटरनरी कॉलेजात आहे.

आता त्या प्रत्यक्ष भेटीकडे वळू, कारण तिथे जो खटाटोप चालतो तो बाहेरच्या माणसाला कल्पनेतही यायचा नाही.

उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी. ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट. फेब्रुवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला, दोघेही नोंदीत एकाच वयाचे आणि एकाच शर्यतीत धावणार. तीन वर्षांच्या घोड्याला तीन महिन्यांचा फरक म्हणजे मोठाच. त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मावं असं प्रत्येक मालकाला वाटतं. घोडीचा गर्भ अकरा महिने राहतो, म्हणजे तिला फेब्रुवारी-मार्चमध्येच भरवायला हवं. घोडीला हे मान्य नाही. थंड देशात ती माजावर येते दिवस मोठे झाल्यावर, एप्रिलच्या पुढे, म्हणजे पोर पुढच्या वसंतात हिरव्या कुरणावर पडेल. निसर्गाचं गणित चोख, माणसाचं कॅलेंडर वाकडं. मग डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून रोज सोळा तास उजेड ठेवतात आणि घोडीला उन्हाळा आल्याचा भास करून देतात. हल्ली तर घोडीच्या तोंडावर मुखवटा चढवतात आणि त्यातून एकाच डोळ्यात निळसर प्रकाश सोडतात. तेवढाही पुरतो. मेंदू फसतो आणि महिना-दोन महिने आधीच चक्र सुरू होतं.

घोडी माजावर आली का, हे ठरवायला आधी ‘टीझर’ आणतात. हा बहुधा एखादा साधा घोडा किंवा तट्टू. त्याला घोडीजवळ नेतात, तो फुरफुरतो, मान वाकडी करतो, आणि घोडी लाथ झाडते की शेपूट बाजूला घेऊन उभी राहते ते बघतात. ती राजी आहे असं कळलं की टीझरला परत नेतात. पूर्ण हंगाम त्या गरिबाचं काम एवढंच. मग सोनोग्राफी करून बीजांड कधी सुटणार याचा अंदाज बांधतात, कारण नावाजलेल्या स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या घोड्याची, एकेक भेट मोलाची असते, ती फुकट घालवून चालत नाही. घोडीची शेपटी पट्टीनं गुंडाळतात. लाथ बसू नये म्हणून मागच्या खुरांना मऊ जोडे घालतात. स्टॅलियन माजात चावे घेतो, म्हणून तिच्या मानेवर चामड्याचं पांघरूण टाकतात. एक जण घोडी धरतो, एक जण घोडा, एक जण बाजूला उभा राहून बघतो. स्टॅलियनची शेपटी वरखाली होऊ लागली की काम झालं असं समजायचं. सगळं मिळून मिनिटाच्या आत.

साधारण पंधराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. जुळी दिसली तर त्यातलं एक बीज डॉक्टर तिथेच दाबून नष्ट करतो. क्रूर वाटतं, पण घोडीच्या पोटात जुळी क्वचितच नीट वाढतात. दोघं ठेवायला गेलं तर बहुधा दोघंही जातात आणि घोडीही धोक्यात येते.

एवढं सगळं करून घोडाच वांझ निघाला तर? अमेरिकेत सिगार नावाचा घोडा लागोपाठ सोळा शर्यती जिंकून निवृत्त झाला. त्याच्याकडे पाठवलेल्या घोड्यांपैकी एकही गाभण राहिली नाही. विमा कंपनीला अडीच कोटी डॉलर मोजावे लागले.

या धंद्याचा खरा चमत्कार मात्र वेगळाच आहे. तीनशे वर्षांची वही समोर उघडी असताना, डीएनए हाताशी असताना, उद्याचा मोठा घोडा कुठून येईल हे आजही कुणाला सांगता येत नाही. वही एवढंच सांगते की शोध कुठे घ्यायचा. खाण तशी माती हे खरं, पण खाणीत हिरा कुठल्या टोपलीत निघेल ते खाणीला काय माहीत!

नियार्कोची गोष्ट घ्या. इटलीत फेदेरिको तेसिओ हा घोडे पैदास करणारा एक विलक्षण माणूस होता. १९१५ साली त्यानं इंग्लंडात कॅटनिप नावाची घोडी ७५ गिनींना, म्हणजे मातीमोलानं, विकत घेतली. तिची लेक नोगारा. नोगाराला तेसिओला फेअरवे नावाच्या घोड्याकडे पाठवायचं होतं, पण फेअरवेचा त्या हंगामाचा कोटा भरला होता. मग त्याच्या सख्ख्या भावाकडे, फॅरोसकडे पाठवली. त्या नाइलाजाच्या भेटीतून १९३५ साली नियार्को जन्मला. चौदा शर्यती, चौदा विजय. १९३८ मध्ये तो ६० हजार पौंडांना इंग्लंडला विकला गेला. आज जगात ज्याच्या वंशावळीत कुठेच नियार्को नाही असा मोठा स्टॅलियन सापडणं अवघड आहे.

नियार्कोचा एक मुलगा तर थेट मराठी नावाचा. १९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी नियार्कोचं एक वर्षाचं शिंगरू २८ हजार गिनींना घेतलं. त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता, त्यामुळे बोली आभाळाला भिडली आणि तो त्या काळचा विक्रम ठरला. महाराजांनी त्याला आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. १९४७ मध्ये, इकडे संस्थानं भारतात विलीन होत असताना, तिकडे सयाजीरावानं आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली. स्टडलाही तो कामाचा निघाला. त्याची लेक ग्लॅडनेस १९५८ ची अॅस्कॉट गोल्ड कप जिंकली. महाराजांचाच दुसरा घोडा माय बाबू १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकला, पुढे स्टडला गेला, आणि त्याच्या केरळ नावाच्या लेकीच्या पोटी डमॅस्कस जन्मला, जो १९६७ साली अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला. बडोदं, केरळ, दमास्कस, केंटकी, अशी ती वंशावळ!

पुण्याच्या आगाखान पॅलेसचं नाव आपण गांधीजींच्या नजरकैदेमुळे घेतो. तो बांधणारे तिसरे आगाखान घोड्यांच्या पैदाशीतलं मोठं नाव होते. त्यांनी १९२२ मध्ये ९१०० गिनींना मुमताज महल नावाची शिंगी घेतली. तिचा नातू नसरुल्ला, हाही नियार्कोचाच मुलगा. नसरुल्लाचा नातू सेक्रेटेरियट, ज्यानं १९७३ ची बेलमाँट शर्यत दुसऱ्या घोड्याला एकतीस लांबींनी मागे टाकत जिंकली. त्या दीड मैलाचा २ मिनिटं २४ सेकंदांचा विक्रम आजही मोडलेला नाही.

सेक्रेटेरियटच्या पोरांकडून मग किती अपेक्षा असतील! बेलमाँटच्या त्या विजयाआधीच त्याचे स्टडचे हक्क साठ लाख डॉलरना विकले गेले होते. मुलगे धावले, काही बरे निघाले, बापासारखा एकही नाही. लोक म्हणाले, वाया गेलं. आणि मग लेकींनी बाजी पलटवली. त्याच्या लेकींच्या पोटी एपी इंडी, स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट जन्मले, तिघेही अमेरिकेतले अव्वल स्टॅलियन. स्टॉर्म कॅटच्या एका भेटीची फी पाच लाख डॉलरपर्यंत गेली होती. मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि म्हणून ते लेकीच पुढे नेतात, अशी एक लाडकी कल्पना या लोकांत आहे. ती सिद्ध झालेली नाही, पण लेकींचा हिशेब मात्र वहीत लिहिलेला आहे.

कॅनडातला नॉर्दर्न डान्सर हा नियार्कोचा नातू. एक वर्षाचा असताना त्याची किंमत २५ हजार डॉलर सांगितली, तर ठेंगणा म्हणून कुणी घेतला नाही. मालकानं नाइलाजानं ठेवला. १९६४ मध्ये त्यानं केंटकी डर्बी दोन मिनिटांत जिंकली. १९८० च्या दशकात त्याच्याकडे घोडी पाठवण्याचा एका वेळचा हक्क दहा लाख डॉलरला गेला, तेही गर्भ राहण्याची हमी न घेता. त्याचाच एक मुलगा, स्नाफी डान्सर, १९८३ च्या लिलावात एक कोटी दोन लाख डॉलरना विकला गेला. तो एकही शर्यत धावला नाही. स्टडला ठेवला तर पोरं झाली चार.

वेगाचं जनुक म्हणून आज मायोस्टॅटिन तपासतात. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं हे जनुक. त्याचा एक प्रकार असलेले घोडे छोट्या पल्ल्यात सुसाट जातात, दुसरा असलेले लांब पल्ल्यात टिकतात. आयर्लंडच्या संशोधकांना २०१२ मध्ये दिसलं की सुसाट प्रकार जातीच्या अगदी सुरुवातीला बहुधा एकाच ब्रिटिश घोडीकडून आला, आणि विसाव्या शतकात तो फैलावला नियार्कोचा मुलगा नियार्क्टिक, म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा बाप, याच्या वंशातून. अलेप्पोच्या घोड्याचं नाव, आणि वेग कुणा अनाम देशी घोडीचा.

आता शर्यतीचं मैदान सोडून नांगराच्या सरीत येऊ. ओढकामाच्या घोड्यांचं जग पैशानं गरीब, पण वंशावळीच्या बाबतीत तितकंच अजब.

पूर्व इंग्लंडातल्या सफोक परगण्यात माती चिकट, पाय रुतवणारी. तिथे सफोक पंच ही जात घडली. बुटकी, रुंद, पायांना लोंबते केस नसलेली, कारण केसांना चिखल लागला की घोडा दिवसभर मणामणाची माती घेऊन फिरणार. रंग नेहमी तांबूस, फक्त त्याच्या छटा सात. १८७७ मध्ये त्यांची सोसायटी निघाली आणि १८८० मध्ये हर्मन बिडेल यानं त्यांचं स्टड बुक छापलं. मागे जात जात त्याला दिसलं की हयात असलेल्या प्रत्येक सफोकच्या बापाची रेषा एकाच घोड्यापाशी थांबते. क्रिस्प नावाच्या शेतकऱ्याचा १७६८ साली जन्मलेला घोडा, उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. त्याला स्वतःचं नावही नव्हतं. वहीत तो ‘क्रिस्पचा घोडा’ एवढाच आहे. डार्लीसारखीच गोष्ट, फक्त डर्बीऐवजी नांगर. फ्रान्सच्या पेर्शेरोन या ओढकामाच्या जातीचंही तेच, आजचे सगळे १८२३ साली जन्मलेल्या जाँ ल ब्लाँ या घोड्यापर्यंत जातात.

एका घोड्याचं रक्त आख्ख्या परगण्यात कसं पसरायचं? चालत. वसंत लागला की स्टॅलियनची आयाळ वेणीत गुंफायची, फिती बांधायच्या, आणि मोतद्दार त्याला घेऊन निघायचा. आठवड्याचा मार्ग ठरलेला. सोमवारी या खानावळीच्या अंगणात, मंगळवारी त्या शेतावर, वाटेवरच्या गावांची नावं आणि घोड्याची वंशावळ छापलेली कार्डं आधीच वाटलेली. शेतकरी आपापल्या घोड्या घेऊन वाट बघत. घोडीचं चक्र एकवीस दिवसांचं, त्यामुळे तीन आठवड्यांनी घोडा त्याच दारात आला की ती गाभण राहिली की नाही हे कळे. पैसे हातोहात. एक टनाचा घोडा, बाजूला एक माणूस, आणि आठवड्याची कितीतरी मैलांची पायपीट. घोडा चालत राहिल्यानं तब्येतीनं ठणठणीत राहायचा, हा त्यातला फायदा.

मग ट्रॅक्टर आला. १८४६ साली बेडफर्डशरमध्ये जन्मलेला सॅम्पसन हा शायर घोडा खांद्याशी सात फूट दोन इंचांहून उंच आणि दीड टनाहून जड होता. असल्या राक्षसांना शंभर वर्षांत काम उरलं नाही. १९६६ मध्ये सफोक पंचची नोंदवलेली शिंगरं होती फक्त नऊ. अख्ख्या वर्षात, अख्ख्या जातीत. काही काळ या जातीचा महत्त्वाचा कळप हॉलस्ली बे इथल्या तुरुंगाच्या शेतावर कैदी सांभाळत होते. जातच बुडायला आली की शुद्धतेचा सोवळेपणा परवडत नाही. सफोकवाले कृत्रिम रेतन वापरतात, आणि २०२० साली इंग्लंडात लिंगनिश्चित रेतापासून एक मादी शिंगरू जन्माला आलं.

आपल्या भीमथडीच्या तट्टांची तर वहीच नव्हती. अटकेपर्यंत गेलेल्या मराठी फौजांची ती घोडी, पण कुणाचा बाप कोण हे पागेतल्या माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसं गेली तसं तेही गेलं. भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली ती अगदी अलीकडे. मला विचाराल तर या बाबतीत आपण थरोब्रेडवाल्यांकडून एक गोष्ट उचलायला हवी, ती म्हणजे लिहून ठेवणं.

थरोब्रेडवाल्यांची काळजी उलटी आहे. सफोकला घोडे कमी, यांना घोडे हजारोंनी, पण बाप थोडे. एक लाडका स्टॅलियन हंगामात दीडशे-दोनशे घोड्या भरवतो, काही तर फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये आणि ऑगस्टनंतर विमानानं ऑस्ट्रेलियात. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये चौदा वेळा अव्वल स्टॅलियन ठरला, त्याचा मुलगा गॅलिलिओ बारा वेळा. गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल चौदा शर्यतींत अजिंक्य राहिला, आणि त्याच्या आईकडेही चौथ्या पिढीत पुन्हा नॉर्दर्न डान्सरच! फ्रँकेल हा चमत्कार, पण अशी जुळणी सगळीकडे होत गेली तर पुढच्या पिढीला नवं रक्त आणायचं कुठून, कारण वहीचं दार तर बंद. २०२० साली अमेरिकेच्या जॉकी क्लबनं नियम काढला की त्या वर्षापासून जन्मणाऱ्या घोड्यानं पुढे स्टडला एका हंगामात १४० पेक्षा जास्त घोड्या भरवायच्या नाहीत. बड्या स्टड फार्मांनी दावा ठोकला, केंटकीचं विधिमंडळ मध्ये पडलं, आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला. माझ्या मते ती चूक होती. प्रत्यक्ष भेटीच्या हट्टाचा आज एक तरी खरा उपयोग आहे, एका घोड्याला वर्षात हजारो घोड्या भरवता येत नाहीत. पण ती मर्यादा घोड्याच्या दमाची आहे, माणसाच्या शहाणपणाची नाही.

पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात. कधी गेलात तर तिकीटखिडकीकडे वळण्याआधी पॅडॉकपाशी थोडं उभे राहा आणि रेसबुक उघडा. प्रत्येक घोड्याच्या माहितीत त्याचा बाप आणि आई छापलेली असते. ती नावं मोबाइलवर टाकून मागे मागे जात राहिलात, तर पहिली शर्यत सुटायच्या आत नियार्कोपर्यंत पोचाल, आणि दुसरी सुटायच्या आत एक्लिप्सपर्यंत. फक्त तेवढ्या भरवशावर पैसे लावू नका.